न बोललेली सुगी

कालपासून आमच्या बोळात गोवऱ्यांच्या धुराचा वास येतो आहे. शुक्रवार पेठेतल्या घरांना परसं नाहीत, आहेत ती हातभर अंगणं. तरी या दिवसांत कोणाच्या ना कोणाच्या गावाहून कणसांची पेंडी आलेली असते, आणि ते लोक तेवढ्याशा जागेत चार विटा मांडून हुरडा भाजायला बसतात. शहरात भाजलेला हुरडा मला खाववत नाही. चव तीच असते. पण गरम कणीस चोळून तळहात झाडावेत तर समोर रान लागतं, शेजाऱ्याची भिंत चालत नाही. मी खिडकीशी बसून कोर्टाचे कागद मराठीतून इंग्रजीत करत असतो. वास आला की लेखणी खाली ठेवतो. काय झालं म्हणून कोणी विचारलं तर सांगण्यासारखं काही नसतं. एका वर्षीची सुगी मनात येऊन बसते एवढंच. त्या सुगीत मी एक शब्दही बोललो नव्हतो.

आता माझा आवाज ऐकून नवखा माणूस दचकतो. घासलेल्या पत्र्यासारखा आहे तो. आमचा दूधवाला म्हणतो, "रावसाहेब, सकाळच्या पारी रागावू नका की." मी फक्त अर्धा शेर म्हटलेलं असतं.

हा आवाज पूर्वी असा नव्हता, हे मी अभिमानानं सांगतो. आमच्या गावातला पहिला बी.ए. मी, आमच्या घरातला तर पाटीवर अक्षर काढणाराच पहिला. पुण्याच्या कॉलेजात वक्तृत्वाच्या वेळी माझं इंग्रजी ऐकून पुढच्या बाकावरची पोरं आधी हसत आणि मग गप्प होत. हसत, कारण उच्चार मोहोळकडचे होते. गप्प होत, कारण शेवटच्या बाकापर्यंत एकेक शब्द जाऊन पोचायचा. पाखरं राखणाऱ्याच्या घरात जन्मलो होतो. लांबवर आवाज कसा फेकायचा हे मला कोणी शिकवायला नको होतं.

सोलापुरातल्या गिरणीत मला घेतलं तेही या आवाजावरच. कागदावर मी कारकून होतो, पण काम दुभाष्याचं. साचेखात्याचा, म्हणजे मागांच्या खात्याचा, मास्तर होता गोरा साहेब, लँकेशायरचा. विणणारे होते मराठी आणि तेलुगू. साहेबाला आपल्याकडच्या भाषेतलं यायचं ते इतकंच: चालू करो, बंद करो, जल्दी करो. त्यापुढचं सगळं मी.

साचेखात्यात शिरलं की पहिल्यांदा कान जातात. शेकडो साचे एका वेळी आपटत असतात. आडवं सूत नेणारा धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे जातो तो दिसतच नाही, त्याचा नुसता तडाखा ऐकू येतो. सूत तुटू नये म्हणून आत वाफ सोडलेली असते. त्या दमट उकाड्यात खळीचा आंबूस वास, आणि वरून कापसाचं तूस भुरभुरत असतं, भुवयांवर बसतं, ओठांवर बसतं. तिथं जुनी माणसं बोलतच नाहीत. ओठ हलवतात, बोटं हलवतात, हसतात, आणि त्यांचं सगळं कळतं. साहेबही आपल्या मुलखात असाच वाढला होता. त्याचा बाप विणकर, आजा विणकर. त्याच्या हातांना घट्टे होते आणि ते तो लपवत नसे. पण त्याचे ओठ इंग्रजी बोलायचे आणि त्यांचे ओठ मराठी. मधे एक घसा लागत होता.

साहेबाचा मला राग आला नाही, हे आधीच सांगून टाकतो. तो ओरडे, कारण तिथं ओरडल्याशिवाय ऐकू जात नव्हतं. त्याचं ओरडणं मी ऐकायचं आणि तेच मराठीत पुन्हा ओरडायचं. विणकर उलट ओरडला की ते ऐकायचं आणि इंग्रजीत ओरडायचं. त्या दोघांचं भांडण झालं तर दोघं एकेकदा भांडत. मी दोनदा.

आणि भांडणसुद्धा जसंच्या तसं पोचवायचं नसतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात कळलं. साहेब म्हणायचा, "त्या आळशी कुत्र्याला सांग, पुन्हा साचा बंद पडला तर लाथ घालून दरवाज्याबाहेर काढीन." मी वळून म्हणायचो, "नरसय्या, साच्याकडं जरा लक्ष असू दे, असं म्हणतात साहेब." नरसय्या तूस बसलेल्या भुवया वर करून म्हणायचा, "त्याला म्हनावं, सूत काय तुझ्या बापानं कातलंय? कुजकं हाय. हात लावला की तुटतंय." मी साहेबाकडे वळायचो. सूत किंचित कच्चं आहे असं याचं नम्र सांगणं आहे, साहेब.

नरसय्या तेलुगू घरातला. घरी तेलुगू, गिरणीत मराठी, शिव्या दोन्हींतून. एकदा जेवणाच्या सुट्टीत भिंतीच्या सावलीला त्यानं मला गाठलं.

"बीयेसाहेब, एक इचारू का?" सगळी गिरणी मला बीयेसाहेबच म्हणायची.

"विचार की."

"सकाळी म्या त्याला चार शिव्या दिल्या. चांगल्या निवडून दिल्या. त्याच्या तोंडावर एक बी उमटली न्हाय."

"मग?"

"मग त्या गेल्या कुटं? तुमी मधल्यामधी खाता काय?"

बसलेली सगळी माणसं हसली. मीही हसलो. नरसय्या हसला नाही, भाकरी मोडत म्हणाला, "भाकरीसंगं खात जावा. नुसत्या पचायच्या न्हाईत."

त्या वेळी मी ही गोष्ट घरी जाऊन थट्टा म्हणूनच सांगितली. आज कागदांचं भाषांतर करताना तिचा विचार येतो. कागदावरची शिवी मला जशीच्या तशी उतरवावी लागते, कोर्टाचा तसा नियमच आहे. शिवी या कागदावरून त्या कागदावर जाते आणि मी संध्याकाळी हात धुऊन जेवायला बसतो. घशाचं तसं नसतं. तिथं गाळून घेतलेलं मागं उरतं.

उरत गेलं. रात्री डोळे मिटले की कानात धोटा सुरू व्हायचा आणि त्याच्या तालावर छाती उडायची. जेवण दोन घासांवर आलं. कॉलेजात शिवलेला कोट खांद्यावरून उतरायला लागला. घरीही मी साचेखात्याच्याच आवाजात बोलत होतो, आणि हे मला कळत नव्हतं. मीठ मागितलं तरी शेजारची बाई भांडण लागलं असं समजून दाराशी येऊन उभी राहायची. माझी बायको यमुना ताटात मीठ वाढून दाराकडे पाहत म्हणायची, "काही नाही हो काकू, मीठ पाहिजे त्यांना."

मग मार्गशीर्षातल्या एका सकाळी साहेब आणि नरसय्या यांची जुंपली. साहेब बोलून थांबला. मी नरसय्याकडे वळलो, तोंड उघडलं, ओठ हलले, आणि आवाज आला नाही. पुन्हा हलवले. साहेब माझ्याकडे पाहत होता, नरसय्या माझ्याकडे पाहत होता. आम्ही तिघंही माझ्या आवाजाची वाट पाहत उभे होतो. नरसय्याला माझे ओठ वाचता आले असणार, कारण तो भांडण सोडून माझा दंड धरून मला बाहेर घेऊन आला. बाहेर थंडी होती. मी थुंकलो तेव्हा त्यात लाल धागा दिसला.

डॉक्टरांनी लांब दांडीचा छोटा आरसा घशात घालून बराच वेळ पाहिलं. छाती ठोकून पाहिली, नाडी धरली. आरसा पुसत म्हणाले, "हमालाचा खांदा पाहिलाय कधी? ओझं जिथं टेकतं तिथं घट्टा पडतो. तुमच्या घशात तसे पडलेत. छाती अजून स्वच्छ आहे. अजून, असं म्हणतोय मी."

मी पाटीवर लिहिलं: रजा घेऊ?

"रजेनं काय होणार? परत त्याच ओझ्याखाली जाणार ना? घट्टे जातील, आणि येतील. मग एक दिवस आवाज जाईल तो येणार नाही. त्या वाफेत नि तुसात, न जेवता न झोपता, हे शरीर किती काढील ते मी सांगू शकत नाही. नोकरी सोडा. गावी जा. होळीपर्यंत एक शब्द नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, कळलं? कुजबुजणं अधिक वाईट."

मी मान हलवली. ते म्हणाले, "शाबास. हे 'हो' चालेल."

राजीनामा मी त्याच दिवशी इंग्रजीत लिहिला. चार ओळींचा, व्याकरणशुद्ध. कचेरीतल्या थोरल्या कारकुनांनी तो वाचला आणि शेजारच्याला ऐकू जाईल इतक्या बेतानं म्हणाले, "कुणब्याच्या पोराला खुर्ची टोचली अखेर." उत्तर माझ्याजवळ होतं. चांगलं, धारदार होतं. ते मी गिळलं नाही, नुसतं तसंच ठेवून दिलं. या दोन्हींत फरक असतो, आणि तो मला तिथं पहिल्यांदा कळला. साहेबानं राजीनामा घडी करून खिशात घातला आणि म्हणाला, होळीपर्यंत खुर्ची रिकामी ठेवतो. बरा हो आणि ये.

मोहोळला उतरून बैलगाडीनं आम्ही गावी गेलो, तेव्हा शाळू ज्वारी निसवून कणसांत दाणा भरत होता. आबा, म्हणजे माझे वडील, दारातच उभे होते. अक्षर त्यांना येत नव्हतं, अजूनही येत नाही. मी पाटी काढून लिहिलं: घसा बिघडला आहे, डॉक्टरांनी नोकरी सोडायला सांगितली, म्हणून सोडली. होळीपर्यंत बोलायचं नाही. पाटी यमुनेकडे दिली. ती मराठी चौथी झालेली. सासऱ्यांशी सुना समोरासमोर बोलत नसत, ती दाराआड उभी राहिली, पाटी वाचली, आणि आतून म्हणाली, "ते म्हनत्यात, जरा घसा बसलाय. चार दिस तुमच्याजवळ ऱ्हावं वाटलं."

मी तिच्याकडे पाहतच राहिलो. इतकी वर्षं मी पोटासाठी जे करत होतो ते ही बाई दाराआडून, पदर सावरत, एका श्वासात करून मोकळी झाली होती. आबा खूश झाले. "ऱ्हा की," म्हणाले. "हुरड्याला बरा आलास."

मी पाटी पुसली. दुसरं काय करणार? खोडून काढायला तोंड लागतं.

ते दिवस मला एकामागून एक असे आठवत नाहीत. एकाच लांब सकाळीसारखे आठवतात. धुकं जमिनीपासून गुडघाभर, त्यावर कणसांची रांग. गूळभेंडीच्या, म्हणजे हुरड्याच्या ज्वारीच्या, कणसाला धुकं चिकटून राहायचं आणि ऊन आलं की उभी ताटंच्या ताटं ठिबकायची. आबा बांधाला खळगा करून गोवऱ्या पेटवायचे. ज्वाला गेली की निखाऱ्याच्या राखेत कणसं खुपसायची. फटफट दाणे फुटल्याचा आवाज. मग तळहातावर घेऊन चोळायचं, फुंकायचं, दुसऱ्या हातावर टाकायचं. हिरवा, वाफाळता, दुधाळ दाणा. वर लसणीची चटणी, नाहीतर गुळाचा खडा. पहिल्या दिवशी मी मूठभर खाल्ला. काही दिवसांनी सकाळी उठलो तो भूक लागली म्हणून उठलो. भुकेनं जाग येणं म्हणजे काय हे मी विसरलो होतो.

रात्री कानातला धोटा मात्र लवकर थांबला नाही. तो कधी थांबला ते सांगता येत नाही. एकदा लक्षात आलं की थांबलेला आहे.

पाखरं राखायला सगळं रान ओरडत असतं. या मचाणावरून हाळी, त्या मचाणावरून हाळी, कोणी डबा बडवतंय, कोणी शीळ घालतंय. मी गोफण घेऊन फिरायचो. गोफणीचा फटकारा बसला की चिमण्यांचा लोट उठायचा आणि शेजारच्या रानात उतरायचा. तिथला माणूस माझ्या नावानं ओरडायचा. पूर्वी मी त्याला इथूनच उत्तर दिलं असतं. गावात माझ्या मौनाचे अर्थ लावणं चाललं होतं. कोणी म्हणे व्रत धरलंय. कोणी म्हणे जास्त इंग्रजी झालं की मराठी जीभ धरते. एक म्हातारी रोज येऊन माझ्यापाशी बसायची आणि आपल्या सुनेच्या कागाळ्या सांगायची. आडवं बोलत नाही असा पुरुष तिला आयुष्यात पहिल्यांदा भेटला होता.

मचाणावर यमुना चढायची. घरात दाराआडून बोलणारी ही बाई तिथं उभी राहून पदर कमरेला खोचून "हो-हो-होऽऽ" अशी हाळी द्यायची की पलीकडच्या ओढ्यापर्यंत जायची. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, हा आवाज मी ऐकला नव्हता. आबा खाली गोवऱ्या उलथत असायचे. सुनेचा आवाज कानावर पडला तरी ते पुढची गोवरी उलथायचे.

मग शेजारचा शिदाप्पा सोलापूरला जाऊन आला, आणि आबा मला भर दुपारी बांधावरून धावत येताना दिसले. त्यांचं पागोटं हातात होतं.

"कुनाला दिलंस?" माझ्यासमोर येऊन ते धापा टाकत म्हणाले. "कुनाला दिलंस, ते सांग!"

मी हातानं विचारलं, काय?

"शिदाप्पा सांगतोय, तुमच्या बीयेनं राजीनामा दिला. सगळ्या सोलापुरात झालंय म्हनं. आरं, म्या निम्मं रान तुझ्या नावावर केलं, तू शिकलेला, तुला सही येती म्हनून! आनि तू..." ते वाकून ताटांना हात लावत होते, जणू आताच कोणी उपटून नेणार आहे.

मला उलगडा व्हायला क्षणभर लागला. आमच्या गावात राजीनामा हा शब्द एकाच कामाला येतो. जमीन सोडायची तर सोडणारा राजीनामा लिहून देतो, आणि ती जो घेतो तो कबुलायत लिहून देतो. नोकरी सोडल्याचा राजीनामा असतो हे आबांना कुठून माहीत असणार? त्यांच्या ओळखीत आजवर नोकरी कोणाला लागलीच नव्हती, मग सोडणार कोण?

मी पाटी शोधली. पाटी घरी होती. जवळ असती तरी ती आबांच्या पुढं काय कामाची? जीभ टाळूला लागून तयार होती. दोन शब्दांचं काम होतं. मी वाकून मातीवर तळवे टेकवले, रानाकडे बोट केलं, छातीवर हात मारला: माझं, आपलं, आहे. आबांना वाटलं मी पाया पडून माफी मागतो आहे. त्यांनी डोळ्यांना पागोटं लावलं.

यमुना मचाणावरून भरभर उतरली. "मामंजी, रान हाय तसंच हाय. त्यो नोकरीचा राजीनामा. गिरनीतली नोकरी सोडली त्येंनी."

आबांनी पागोटं खाली घेतलं. "नोकरीचा?"

"व्हय."

"नोकरीचा व्हय!" ते तिथंच बांधावर बसले आणि हसायला लागले. "आरं तुझ्या! मला वाटलं रानाचा. छाती फुटली असती की माझी." मग कणसं खुडायला घेतली आणि मला एक दिलं, लहान पोराला देतात तसं.

नोकरी म्हणजे काय गेलं, हे त्यांच्या ध्यानात दुसऱ्या दिवशी आलं. मोहोळच्या बाजारात लोक त्यांना बीयेचा बाप म्हणून बसायला घोंगडी टाकत. सकाळी राख उकरता उकरता ते म्हणाले, "मग तितं कबुलायत कुनी दिली?"

मी मान हलवली. कोणीच नाही. साहेबानं खुर्ची रिकामी ठेवली होती, ते यमुनेनं सांगितलं.

"मंग राजीनामा पुरा झालाच न्हाय," आबा म्हणाले. "दुसऱ्यानं कबूल केल्याबिगर सुटत न्हाय. अजून ती तुझीच हाय." ते खुशीत आले. "घसा सुटला की जा. बसला तर बसला, सुटंल. मला काय रोज बसत न्हाय?"

खरं सांगायचं तर परत जावं की नाही हे मलाही ठरवता येत नव्हतं. अंगात बळ येत होतं. बळ आलं की माणसाला वाटतं, आपण उगाच घाबरलो. संध्याकाळी गोफण गुंडाळताना मी मनात साहेबाची वाक्यं मराठीत करून बघायचो. जमायची. अगदी गुळगुळीत जमायची.

साहेब स्वतः आला तो माघात. या दिवसांत गोरे लोक शिकारीला मोहोळकडे येत. मोटार सडकेवर ठेवून खांद्याला बंदूक अडकवून तो बांधाबांधानं विचारत आला असावा. काय विचारत, देव जाणे. आबांनी घोंगडी टाकली. हुरडा चोळून त्याच्या तळव्यावर दिला. त्यानं खाल्ला, डोळे मिचकावले, आणि म्हणाला, "चालू करो!" आबांनी आणखी दिला. "जल्दी करो!" आबा मला म्हणाले, "गडी मोकळा हाय. पर घाईचा."

मग साहेब माझ्याकडे वळला आणि इंग्रजीत म्हणाला, "मधल्या दिवसांपुरता एक माणूस ठेवला होता. तो पळाला. खुर्ची रिकामी आहे. तू फक्त एक शब्द बोल आणि सोमवारी ये."

आबांनी विचारलं, "काय म्हनतोय रं?"

साहेब माझ्याकडे पाहत होता, आबा माझ्याकडे पाहत होते. माझी जीभ आपोआप उठली. वाक्य तयारसुद्धा झालं होतं. साहेबांना तुमचा हुरडा फार आवडला, आणि माझी प्रकृती विचारत होते, असं. एवढंसं बोलून काही घसा गेला नसता. पण ते एक वाक्य बोललो असतो तर मी तिथंच, आमच्याच बांधावर, त्या खुर्चीत बसलो असतो. दात दाबून धरले.

"मामंजी," मागून यमुना म्हणाली. परक्या पुरुषासमोर ती पुढं येऊन उभी होती. "त्यो त्येंना परत न्याया आलाय. त्येंनी बोलायचं न्हाय. घसा नुसता बसला न्हाय त्येंचा. रगत पडलं व्हतं. डाक्टर म्हनले, परत गेले तर आवाज जाईल, आनि मागनं मानूस बी जाईल. म्या तुमाला सांगितलं न्हाय."

आबांनी हातातलं कणीस राखेच्या कडेला ठेवलं आणि साहेबापुढं उकिडवे बसले.

"सायब," ते म्हणाले. "राजीनामा."

"राजीनामा?" साहेबाला तो शब्द येत होता. गिरणीच्या इंग्रजीतही तो तसाच चालतो.

"राजीनामा. पोरगं राजी हाय. म्या राजी हाय. तुमी दुसऱ्याची कबुलायत घ्या."

साहेबाला पुढचं काही कळलं नाही. त्यानं सवयीनं माझ्याकडे पाहिलं, पण मी मान खाली घातली होती. मग त्यानं आबांच्याच तोंडाकडे पाहिलं, निरखून, साच्यातलं सूत पाहतात तसं. "बंद?" त्यानं विचारलं.

"बंद," आबा म्हणाले.

साहेबानं मान डोलावली. जाताना त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज न करता, नुसत्या ओठांनी काही म्हणाला. त्याच्या मुलखातल्या साचेखात्यात म्हणत असतील ते. मला कळलं. पण ते माझ्यापुरतं होतं, त्याचं भाषांतर मी केलं नाही.

माझ्यासमोर दोन पक्षांचं एवढं बोलणं झालं आणि त्यात माझा काही हात नव्हता, असं ते पहिलंच. कोणी काही मऊ केलं नाही. बंद म्हणजे बंद असंच पलीकडे पोचलं, आणि आभाळ कोसळलं नाही. यावरून मी काही तत्त्व काढत नाही. दुभाषे लागतात; गिरणीला महिन्याभरात दुसरा मिळाला, आणि तो म्हणे माझ्यापेक्षा बरा टिकला. कोणाचा घसा कशाला पुरा पडतो हे ज्याचं त्याला माहीत.

होळीच्या आधीच्या बाजाराला आबा मला गाडीत घालून मोहोळला घेऊन गेले. कडब्यावर बसलो होतो, तोंड अजून मिटलेलंच. बाजाराच्या तोंडाशी टेंभुर्णीकडचा एक अडत्या उभा होता, आबांच्या जुन्या ओळखीचा. त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. गळ्यात गोफण, अंगावर घोंगडी, केसांत भुसा.

"आबा," तो चारचौघांत म्हणाला, "ह्येच का तुमचं बीये? पुन्याला शिकवलंत, सायबाच्या मांडीला मांडी लावून बसवलंत, आनि आता काय, रानात पाखरं हाकतंय व्हय?"

आजूबाजूची माणसं थांबली. कोणी तरी हसलं. आबांनी कासरा आवरला आणि माझ्याकडे वळून पाहिलं. माझ्या गालांवर त्या सुगीत मांस धरलं होतं, तिथं त्यांची नजर थोडी थांबली.

"हाकतंय की," ते म्हणाले. "जित्तं हाय म्हनून हाकतंय."

आणि बैलांना हाळी देऊन त्यांनी गाडी गर्दीत घातली.